आत्याची बाटली

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात मला काडीची किंमत नसते. कपाटे ओढली जातात, माळ्यावरचे डबे खाली येतात, आणि 'हे टाकू का?' या एकाच प्रश्नाला दिवसातून पन्नास वेळा उत्तर देणे एवढेच काम माझ्याकडे उरते. यंदाही तसेच झाले. माझ्या टेबलाचा खालचा खण उपसता उपसता सौभाग्यवतींनी दोन वस्तू माझ्यापुढे धरल्या. एक होती काचेच्या बुचाची रिकामी बाटली. दुसरा, मुठीत जेमतेम मावेल असा, करड्या रंगाचा खडबडीत गोळा.

"हा फ्रान्सचा धोंडा तुम्ही ठेवणारच, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण ही बाटली? प्रयोगशाळेतली दिसते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आता काय तपासणार आहात?"

मी म्हटले, "राहू दे."

"का?"

या 'का'चे उत्तर मी चाळीस वर्षांच्या संसारात तिला कधी दिले नव्हते. खरे म्हणजे स्वतःलाही दिले नव्हते. पण गेल्याच आठवड्यात गावाहून एक फोन आला होता, आणि तेव्हापासून ती बाटली खणात असूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तेव्हा झाडू बाजूला ठेवायला लावून मी तिला सगळे सांगितले. तेच आता लिहितो आहे.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या काठी गेले. घरात आजी, वडील, आई आणि आत्या. आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांतच ती माहेरी परत आली, ती कायमची. घरची शेती जेमतेम आणि वडिलांचा पगार त्याहून जेमतेम. वरची तोंडमिळवणी आत्या खाडीतून करी. ओहोटीला पदर खोचून ती चिखलात उतरे, पायाच्या अंगठ्याने चाचपून तिसऱ्या काढी, आणि खडकांना धरलेली कालवे कोयतीने फोडी. अर्ध्या तिसऱ्या बाजारात वाटे लावून विकायच्या, अर्ध्या घरात. माझ्या कॉलेजच्या फीमध्ये किती तिसऱ्या गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवला असता तर मला तो पाहवला नसता.

आत्याकडे घड्याळ नव्हते. तिथी पाहून ती ओहोटीची वेळ सांगे. ओहोटी रोज दोन घटका मागे सरते, अष्टमीच्या भांगाला पाणी आळसावते, आणि पुनवेला-अवसेला उधाण येऊन खाडीचा तळ पार उघडा पडतो, हे शास्त्र तिला शाळेत न जाता पाठ होते. दिवाळीची अवस म्हणजे तर तिची मोठी पर्वणी. आम्ही पोरे पहाटे उठून अंगाला तेल चोळून घेत असू, तेव्हा ती कंदील घेऊन खाडीत उतरलेली असे. उजाडता उजाडता ती परत येई ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, आणि डोक्यावरच्या पाटीतून पाणी ठिबकत असे. आजी दारातूनच ओरडे, "अगो, आजच्या दिवशी तरी!" आत्या म्हणे, "लक्ष्मी दिवसातून दोनदा वर येते नि दोनदा खाली जाते. ती खाली गेली की मला जायला हवं."

तिसऱ्या विळीवर उघडून एकशिपी करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. मांसाने भरलेली शिंप एकीकडे, रिकामी शिंप दुसरीकडे. आम्ही कोकमाच्या आंबट रशात त्या चोखून चोखून खात असू. रिकाम्या शिंपांचा ढीग मागच्या परड्यात वाढत जाई, आणि पावसाळा सरला की चुन्याच्या भट्टीवाला तो घेऊन जाई. त्याच्या बदल्यात मिळालेल्या कळीच्या चुन्यावर घमेल्यात पाणी ओतले की तो फसफसून उकळे. त्या चुन्याने दिवाळीच्या आधी घराला सफेती व्हायची. म्हणजे वर्षभर आम्ही जे खाल्ले, तेच दिवाळीत आमच्या भिंतींवर पांढरेशुभ्र होऊन उभे राही. पुढे कॉलेजात चुन्याचे समीकरण शिकलो, तेव्हा फळ्यावरच्या अक्षरांआड मला आत्याचे घमेलेच दिसले होते.

यथाकाल मी रसायनशास्त्राचा एम. एस्सी. झालो आणि जिल्ह्याच्याच एका कॉलेजात शिकवू लागलो. गावात माझा रुबाब वाढला. मला 'प्रोफेसर' म्हणत. नाही म्हटले तरी ते ऐकायला बरे वाटे.

१९८७ सालच्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा पहिल्यांदाच परड्यात शिंपांचा ढीग दिसला नाही. आत्या म्हणाली, "यंदा तिसऱ्या खाऊ नको रे. बऱ्या नाहीत."

"बऱ्या नाहीत म्हणजे?"

"शिंप मोठी दिसते, पण उघडली की आत भरलेली नाही. खंगल्यासारखी. नि वास येतो. दिव्याच्या तेलासारखा."

खाडीच्या वरच्या अंगाला त्या सुमारास एक कारखाना उभा राहिला होता. त्याचे एक गटार ओढ्याला मिळाले होते, आणि गावातल्या पंधरावीस जणांनी मिळून सरकारकडे अर्ज करायचे घाटत होते. आत्याच्या वासाचा या सगळ्याशी संबंध जोडला जात होता. मी मात्र हसलो. म्हटले, "आत्या, वासावरून काही ठरत नाही. पाणी तपासावं लागतं." आणि पुढच्या खेपेला मोठ्या ऐटीने प्रयोगशाळेतली काचेच्या बुचाची एक बाटली तिला नेऊन दिली. कशी विसळायची, किती भरायची, बूच पाण्याखालीच कसे लावायचे, सगळे समजावून सांगितले.

एक दिवस मी वर्गात शिकवत होतो. दाराशी कुणी उभे असल्याचे पोरांच्या नजरेवरून कळले. पाहतो तर आत्या! नऊवारी लुगडे, पायांवर वाळलेला चिखल, आणि छातीशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. पहाटेच्या ओहोटीला ती भरून तिने पहिली एस. टी. गाठली होती. पोरांत हसण्याची एक लाट गेली. मी घाईघाईने बाटली घेतली आणि तिला स्टाफरूममध्ये बसवायचेही मला सुचले नाही. व्हरांड्यातल्या बाकावर ती तास संपेपर्यंत बसून होती.

संध्याकाळी मी पाणी तपासले. आम्लता पाहिली, क्षार पाहिले, विरघळलेला प्राणवायू मोजला. माझ्या प्रयोगशाळेत जेवढे होण्यासारखे होते तेवढे सगळे केले. आकडे खाडीच्या पाण्याचे असावेत तसेच होते. मी आत्याला म्हणालो, "पाण्यात काही नाही."

ती थोडा वेळ बाटलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाटलीत नसेल रे. तिसऱ्यांत आहे."

त्यावर मी तिला काय सांगितले ते मला शब्दशः आठवते, आणि न आठवते तर बरे झाले असते. मी म्हणालो, "आत्या, जे पाण्यात नाही ते तिसऱ्यांत कुठून येईल?"

मी चांगला शिक्षक होतो. माझ्या प्रश्नापुढे ती निरुत्तर झाली. गावातही ती बातमी माझ्याआधी पोचली. 'प्रोफेसरांनी पाणी तपासलं, काही नाही.' अर्जावर सह्या करणारे एकेक करून मागे सरले. तो कागद कुणाच्या तरी पेटीत राहिला. खाडीतल्या तिसऱ्या वर्षागणिक विरळ होत गेल्या, आणि पुढची काही वर्षे आत्या काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागली. काजूच्या टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची कातडी सोलवटून निघे. मी गेलो की ती हात पदराखाली घेई. तिने मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. फक्त एकदा, मी निघताना, माझी बाटली तिने परत दिली. राखेने घासून लख्ख केलेली. "तुमच्या कॉलेजची आहे," म्हणाली, "हरवायला नको."

ती बाटली मी कॉलेजात परत ठेवली नाही.

आता त्या धोंड्याची गोष्ट. आमची मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये बोर्दो शहरात असतात. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. तिथून तासाभराच्या वाटेवर, अटलांटिक महासागराच्या काठी, आर्काशों नावाचे ठिकाण आहे. वाळूच्या एका लांबलचक दांड्याआडून समुद्र तिथे जमिनीत शिरला आहे आणि त्याचे एक मोठे तिकोनी तळे बनले आहे. फ्रेंच लोक त्याला 'बासँ' म्हणतात, म्हणजे कुंड. भरतीला हे कुंड सुमारे दीडशे चौरस किलोमीटर पसरते. ओहोटीला त्याचा मोठा भाग उघडा पडतो, आणि मग मैलच्या मैल चिखल, त्यात वाट काढणारे पाण्याचे ओघळ आणि लोखंडी घोड्यांवर मांडलेल्या कालवांच्या पिशव्या. काठाला देवदारासारखी उंच झाडे आणि कालवे पिकवणाऱ्यांच्या लाकडी झोपड्या. मी काठावर उभा राहिलो, वारा आला, आणि त्या वाऱ्याला आमच्या परड्याचा वास होता! सात समुद्र ओलांडून माणसाने जावे, आणि नाकाने त्याला पुन्हा आपल्याच दारात आणून सोडावे, अशी गंमत झाली.

तिथे कालव ही शेती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती चालत आली आहे. कालवाची पिल्ले डोळ्यांना धड न दिसण्याइतकी लहान असतात. दोनतीन आठवडे ती पाण्यात तरंगतात, आणि मग कशावर तरी बूड टेकून जन्मभरासाठी तिथेच घर करतात. त्यांनी बूड टेकावे म्हणून हे लोक उन्हाळ्यात पाण्यात कौले मांडून ठेवतात. आणि पिल्ले पुढे सहज सुटून यावीत म्हणून त्या कौलांना कसला लेप देतात म्हणता? चुन्याचा! वाळू मिसळलेल्या चुन्याची सफेती. त्या पांढऱ्या कौलांची चवड पाहून मी बायकोला म्हटले, "यांची दिवाळी उन्हाळ्यात दिसते."

एका म्हाताऱ्या कालववाल्याच्या झोपडीपुढे आम्ही बाकावर बसलो. त्याने चारचौघांसाठी कालवे उघडली आणि लिंबाच्या फोडी पुढे ठेवल्या. कच्चीच खायची! बायकोने डोळे मिटून एक गिळले आणि मराठीतच विचारले, "याच्याबरोबर सोलकढी नसते का?" मुलीने भाषांतर केले, म्हातारा खो खो हसला आणि ओळख झाली. आम्हीही खाडीकाठचे, आमच्या घरातही कालवे फोडली जात, हे ऐकल्यावर तो आत गेला आणि फळीवरून हा गोळा घेऊन आला.

"हे काय आहे, ओळखा," तो म्हणाला.

मला ओळखता येईना. कालवाचा शिंपला पसरट असतो. हा फुगून गोळा झाला होता. त्याने त्याची कापलेली बाजू वर केली. शिंपल्याच्या जाड भिंतीत एकावर एक पोकळ कप्पे होते, जणू घराला मजल्यावर मजले चढवले आहेत. "या कप्प्यांत खिरीसारखा चिकट पदार्थ भरलेला असे," तो सांगू लागला. "शिंपला वाढत जाई जाडीत. आत जीव राही एवढासा." त्याने करंगळीचे टोक दाखवले. माझ्या कानांत आत्याचा आवाज आला: शिंप मोठी दिसते, पण आत भरलेली नाही.

मग त्याच्याकडून, आणि पुढे महिनाभर मुलीच्या घरी बसून वाचलेल्या पुस्तकांतून, जी हकीगत मला कळली ती अशी.

होडी पाण्यात राहिली की तिच्या बुडाला शेवाळ आणि नाना तऱ्हेचे कवचधारी जीव चिकटतात. होडी जड होते, इंधन जास्त लागते. आमच्याकडे होड्या ओढून वर घेतात, खरवडतात आणि तेल चोपडतात. १९६० नंतरच्या काळात यावर एक नामी तोड निघाली. ट्रायब्यूटिलटिन नावाचा पदार्थ रंगात मिसळायचा. यातले 'टिन' म्हणजे आपले कथील. दिवाळीच्या आधी कल्हईवाला पातेल्यांना लावतो तेच. त्या कल्हईच्या पातेल्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या आमटी खाल्ली, कथिलाने कुणाचे वाईट केले नाही. पण त्याच कथिलाला कार्बनाच्या तीन शेपट्या जोडल्या की ते पाण्यातल्या जीवांना जहर होते. रंगातून ते सावकाश झिरपत राही आणि बुडाला काहीही चिकटू देत नसे. रंग उत्तम होता. फक्त तो होडीच्या बुडापाशी थांबत नव्हता.

आर्काशोंच्या कुंडात सहलीच्या होड्या हजारोंनी नांगरलेल्या असत. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून कालवांचे शिंपले फुगू लागले. १९७७ पासून १९८१ पर्यंत, एकामागून एक पाच उन्हाळे, चुना दिलेली कौले पाण्यात ठेवली आणि जवळजवळ रिकामीच वर आली. पिल्ले जगतच नव्हती. "मी तेव्हा तरणाताठा होतो," म्हातारा म्हणाला. "बाप म्हणे, तू कौलं नीट मांडली नाहीस. मी म्हणे, तू चुना नीट कालवला नाहीस. शेजारी म्हणत, बी बदललं त्याचा हा परिणाम. आम्ही आपापसांत भांडलो."

क्लोद आल्झ्यू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अखेर त्या रंगावर बोट ठेवले. त्या रंगाच्या सान्निध्यात कालवे वाढवून पाहिली, तेव्हा शिंपल्यात तेच कप्पे पडले. जानेवारी १९८२ मध्ये फ्रेंच सरकारने लहान होड्यांवर त्या रंगाला बंदी घातली. जगात अशी बंदी पहिलीच. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कौलांवर पुन्हा पिल्ले धरली.

वाचताना मी एका आकड्यापाशी अडखळलो. कालवाचा शिंपला बिघडायला हे जहर किती लागते? लिटरभर पाण्यात काही थोडे नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आमच्या कोकणात उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर फिरतात, ते सर्वांच्या ओळखीचे आहेत. असे एक लाख टँकर ओळीने उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाका; लिटरमागे एक नॅनोग्रॅम झाला. त्या काळच्या उपकरणांना समुद्राच्या पाण्यात एवढे सूक्ष्म प्रमाण धड मोजताही येत नव्हते. पण कालव तासाला काही लिटर पाणी आपल्या अंगातून गाळते. रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. पाणी जाते, पाण्यातले थोडे थोडे मागे राहते आणि साठत जाते. शिंपला मिटून घेतला की कालवाला खेकड्यापासून वाचता येते, उन्हापासून वाचता येते. पण जे तो श्वासाबरोबरच घेतो, त्याच्यावर दार कसे लावणार?

इंग्लंडच्या किनाऱ्यावर तर याहून विपरीत घडले होते. १९७० मध्ये प्लिमथजवळ एका जातीच्या शंखांत, माद्यांच्या अंगावर नराचे अवयव वाढलेले आढळले. कारण तेव्हा कळले नाही. पुढच्या दशकात कळले, की तोच रंग! लिटरमागे एखाद्या नॅनोग्रॅमनेही हे होते. अंडी बाहेर पडायची वाट बुजून माद्या मरत आणि बंदराच्या आसपासचे खडक ओस पडत. हा विकार पुढे भारताच्या बंदरांजवळच्या शंखांतही नोंदला गेला. मोठ्या जहाजांसह सगळ्यांना तो रंग बंद करणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ च्या सप्टेंबरात अमलात आला. आर्काशोंची कौले भरल्यानंतर सव्वीस वर्षांनी.

आणि मग त्या वाचनात मला एक नाव भेटले. एडवर्ड गोल्डबर्ग हा अमेरिकन शास्त्रज्ञ. १९७५ मध्येच त्याने लिहून ठेवले होते, की समुद्र किती बिघडला हे पाहायचे तर नुसते पाणी तपासू नका. शिंपल्यांतले जीव गोळा करा आणि ते तपासा. पाणी आज एक असते, उद्या दुसरे. शिंपला एकाच जागी बसून सगळ्या दिवसांची जमा आपल्या अंगात ठेवतो. त्याच्या सांगण्यावरून अमेरिकेने किनाऱ्या-किनाऱ्यावर शिंपल्यांची पाहणी सुरू केली.

'तुझ्या बाटलीत नसेल रे. तिसऱ्यांत आहे.'

मी पुस्तक मिटले. एका नामवंत शास्त्रज्ञाने छापलेली गोष्ट माझ्या आत्याने, काहीही न वाचता, मला तोंडावर सांगितली होती. ती एस. टी. ने येऊन सांगितली होती. आणि मी तिला फळ्यावरचा प्रश्न विचारून गप्प केले होते. मला काही सापडले नाही, एवढेच खरे तर मला म्हणता आले असते. मी म्हणालो, काही नाही. या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे. त्या शब्दापायी आमच्या गावचा अर्ज पेटीत पडला.

आमच्या खाडीत काय होते? तिथे काही सहलीच्या होड्या नव्हत्या. ते जहर हे नव्हे. त्या वेळी कुणी तिसऱ्या तपासल्या असत्या तर कळले असते. तपासायला सांगणारी बाई होती. तपासणारा मी होतो.

निघताना मी त्या म्हाताऱ्याला मुलीकरवी विचारले, "तुमचं ऐकलं कसं कुणी? तुम्ही तर साधे कालववाले."

तो म्हणाला, "आमचं कोण ऐकतो! आम्ही बोललोच नाही फारसं. जो साहेब येईल त्याच्या टेबलावर हे ठेवत होतो." आणि त्याने तो गोळा उचलून माझ्या हातात दिला. "माझ्याकडे अजून आहेत. तुमच्याकडे टेबलं असतीलच."

तिथली गोष्टही 'आणि मग ते सुखाने राहू लागले' अशी संपलेली नाही, बरे का. आम्ही परतलो त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर मुलीचा फोन आला. अतिवृष्टीने सांडपाणी कुंडात शिरले, माणसे आजारी पडली, आणि ऐन नाताळ-नववर्षाच्या हंगामात आर्काशोंच्या कालवांची विक्री काही आठवडे बंद झाली. मला त्या म्हाताऱ्याची आठवण झाली. कुणाच्या टेबलावर काय ठेवायचे, ते त्याला ठाऊक असणार.

आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या शेवटच्या आजारात मी तिच्याजवळ होतो, पण हा विषय माझ्या तोंडातून निघाला नाही. मुळात तेव्हा मला तो कळलेलाच नव्हता.

आणि गेल्या आठवड्यातला तो फोन. फोन पुतण्याच्या बायकोचा होता. चुणचुणीत मुलगी आहे. अलीकडच्या काही वर्षांत खाडीत पुन्हा थोड्या तिसऱ्या लागू लागल्या होत्या. वाडीतल्या चारपाच बायका जातात, तशी तीही हौसेने जाते. म्हणाली, "काका, यंदा तिसऱ्या उघडल्या की कशातरीच लागतायत. सासूबाई म्हणतात, मोठ्या आत्यांच्या वेळेला झालं होतं तसं. तुम्ही केमिस्ट्रीचे ना? बाटलीतून पाणी पाठवलं तर तपासून द्याल का?"

मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. आणि चार दिवस नुसता बघतच बसलो होतो.

एवढे सगळे बायकोने निमूटपणे ऐकून घेतले. मध्ये एकदाही 'हे टाकू का' म्हणाली नाही. मग बाटली उजेडात धरून तिने ती फडक्याने पुसली.

मी म्हणालो, "अवसेला पहाटेची ओहोटी आहे. लक्ष्मीपूजनाला या वर्षी गावी जावं म्हणतो. मुंबईच्या प्रयोगशाळेत माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. ती बाटली पिशवीत ठेव."

"बाटली कशाला?" ती म्हणाली. "तिसऱ्याच न्यायच्या ना त्याच्याकडे? मग बर्फाचा डबा घ्या की."

ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि फळीवरून झाकणाचा मोठा डबा काढल्याचा आवाज आला. बाटली तिने टेबलावर ठेवली होती. शेजारी तो धोंडा.